बिबट्यासमोर अर्धा तास

सहलीच्या परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये असतो आणि त्यात उद्देश लिहायला एक ओळ असते. हम्पी-बदामीला 'इतिहास', प्राणी संग्रहालयाला 'वन्यप्राण्यांची ओळख', असं आमचे हेडमास्तर वर्षानुवर्षं लिहीत आले. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, जांबोटी-कणकुंबीकडे ज्यांनी शिकवलंय त्यांना यातली गंमत कळेल. इथल्या पोरांना गव्याची ओळख करून द्यायला बस ठरवावी लागत नाही. भात पोटरीला आलं की गवे आपणहून शेतात उतरतात. सातवीतल्या एका मुलीच्या आजोबांच्या गालावर अस्वलाच्या नखांचे व्रण आहेत. पुस्तकातलं अस्वल तिने नंतर पाहिलं.

ऑगस्ट 2022 मध्ये बेळगावात गोल्फ मैदानाकडे बिबट्या दिसला, तेव्हा त्या भागातल्या शाळा कित्येक दिवस बंद ठेवल्या होत्या. ड्रोन आले, पिंजरे लागले, शिमोग्याजवळच्या सक्रेबैल तळावरून हत्ती आणले, आणि बिबट्या कुणाच्या हाती न लागता गेला तो गेलाच. आमच्या वर्गातला एक जण तेव्हा अगदी मनापासून हळहळला होता. "बाई, आमच्याकडं तर कायमच हाय की ओ बिबट्या. आमाला सुट्टी कवा?"

म्हणून यंदा उद्देशाच्या ओळीत 'प्राण्यांच्या दिनक्रमाचं निरीक्षण' असं लिहा, असा मी हट्ट धरला. प्राणी संग्रहालय असावं की नसावं यावर मी स्वतः शाळेत निबंध लिहिलाय. आधी फायदे, मग तोटे, शेवटी दोन्ही बाजूंना नमस्कार. मार्कही चांगले पडले होते. तोच निबंध आता पोरांकडून लिहून घ्यायचा मला कंटाळा आलाय. पिंजऱ्यातल्या जनावराकडे नीट पाहिल्याशिवाय त्याच्यावर मत द्यायचं नाही, एवढी एकच अट मला घालायची होती.

एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या पालक समितीची, बैठक मात्र सोपी गेली नाही. वर्गणी, बस, जेवण हे नेहमीचं होतंच. त्यात नोव्हेंबर 2025 ची बातमी सगळ्यांच्या डोक्यात ताजी होती. बेळगावजवळ भुतरामहट्टीच्या प्राणी संग्रहालयात काही दिवसांच्या आत 31 काळवीटं दगावली होती, आणि तपासणीत गुरांना होतो तो घटसर्प निघाला होता. आमची सहल तिथे जाणार नव्हती, वाट वेगळी होती, पण प्राणी संग्रहालय म्हटलं की आता हाच विषय निघणार हे उघड होतं.

"घटसर्प?" एक पालक म्हणाले. त्यांच्या दावणीला चार म्हशी आहेत. "आमी मिरगाच्या आदी टोचून घेतोय की सगळ्यास्नी."

बैठकीत पुढचा बराच वेळ सहल बाजूला राहिली आणि जनावरांच्या रोगावर चर्चा रंगली, आणि खरं सांगते, प्राणी संग्रहालयांवर मी ऐकलेली ती सगळ्यात जाणती चर्चा होती. गोठ्यातल्या म्हशीला दाव्याला धरून सुई टोचता येते. काळवीट माणसाचा हात लागला तरी बिथरतं, धावतं, आणि नुसत्या घाबरण्यानेही मरू शकतं. त्यामुळे त्याला लस देणं हेच मुळात अवघड काम. दुसरं, राणेबेन्नूरच्या माळावर काळवीटांना पांगायला जागा आहे. कुंपणात सगळा कळप एकाच गव्हाणीवर, एकाच पाण्यावर. रोग शिरला की तो एकट्या-दुकट्यावर थांबत नाही. "म्हंजे रानातलं जनावर गोठ्यात घातलं, पन गोठ्याचा फायदा त्याला न्हाई," असं त्याच पालकांनी शेवटी म्हटलं आणि वर्गणीचे पैसे काढून टेबलावर ठेवले.

निरीक्षणासाठी पोरांनी जो तक्ता भरायचा होता, त्याची पद्धत माझी नाही. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे हेच करतात. समोर एक जनावर, हातात कागद. दर मिनिटाला घड्याळात पाहायचं आणि त्या क्षणी ते जे करत असेल त्या रकान्यात खूण करायची. आमचे रकाने असे ठरले: झोप, बसून पाहणं, चालणं, खाणं-पिणं, अंग चाटणं-खाजवणं, दुसऱ्या जनावराशी काही, आणि चकरा. चालणं आणि चकरा यांतला फरक समजावताना घाम निघाला. शेवटी असं ठरवलं, की त्याच वाटेने जाऊन त्याच जागी वळून परत येणं सलग तीनदा झालं, तर ती चकरा.

सराव गावातच केला. देवळापुढचं कुत्रं, बांधलेली गाय, उकिरड्यावरची कोंबडी. कोंबडी मिनिटभरसुद्धा रिकामी बसत नाही हा शोध पोरांना फार आवडला. दोघांनी खिडकीआड बसून हेडमास्तरांचा तक्ता भरला होता. तो मी वाचला आणि फाडला.

बांधलेल्या गायीच्या तक्त्यावर एका मुलाने विचारलं, की दावणीला बांधलेली गाय पण कैदेतच नाही का? प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. गाय हजारो वर्षं माणसाबरोबर आहे, तिचा स्वभावही त्याच सोबतीत घडला. बिबट्या पिंजऱ्यात जन्मला तरी त्याचा स्वभाव रानातलाच राहतो. मी हे सांगितलं, पण त्यामुळे आखूड दाव्याचं समर्थन होत नाही हेही सांगावं लागलं. सातवीच्या वर्गात युक्तिवाद अर्धवट सोडता येत नाही.

प्राणी संग्रहालयाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांनी आम्हाला जपून वागवलं, आणि मी जे सांगणार आहे ते देशातल्या कुठल्याही संग्रहालयात दिसेल. सकाळी दार उघडतानाच आम्ही पोचलो. मुलांच्या चार-चार जणांच्या टोळ्या केल्या आणि एकेका जनावरापुढे उभ्या केल्या: बिबट्या, अस्वल, कोल्हे, सांबरं, मगर. मगरीपुढची टोळी दहाव्या मिनिटाला रडकुंडीला आली. सगळ्या खुणा एकाच रकान्यात. "बाई, ती जिवंत तरी हाय का?" रानातली मगरसुद्धा दिवसाचा मोठा भाग अशीच पडून असते, त्यामुळे तुमचा तक्ता चुकलेला नाही, असं सांगून त्यांना तिथेच थांबवलं. मगर तिच्या तळ्यात सुखी आहे की दुःखी, हे त्या तक्त्यावरून आम्हाला काहीही कळलं नाही, आणि तसंच वहीत लिहिलं.

बिबट्यापुढे मी स्वतः उभी राहिले.

वाडा तसा बरा होता. मागे झाडं, मधे दगडांचा ओटा, पाण्याचं टाकं. पुढच्या जाळीच्या कडेने मात्र जमिनीवर हातभर रुंदीचा पट्टा गवत नसलेला, गुळगुळीत झालेला. बिबट्या त्या पट्ट्यावरून चालत होता. डाव्या कोपऱ्यात खांबापाशी यायचा, मान आधी वळायची, मग खांदे, आणि वळताना नाकाचा शेंडा जाळीच्या एका ठरावीक तारेला लागायचा. प्रत्येक वेळी त्याच तारेला. त्या जागी तारेचा हिरवा रंग उडून खालचं लोखंड चकाकत होतं. उजव्या टोकाला दगड होता, तिथे तो मागचा डावा पाय दर वेळी दगडावर टेकून वळायचा. ओट्यावर सावली होती, पाणी होतं, तिकडे तो फिरकला नाही. आमची टोळी सुरुवातीला हरखून बघत होती. पाचव्या-सहाव्या मिनिटानंतर चौघंही गप्प झाले आणि नुसत्या खुणा करत राहिले. चकरांचा रकाना भरत गेला. एकदाच तो थांबला, कुठेतरी बादलीचा आवाज झाला तेव्हा. कान पुढे करून ऐकलं आणि परत चालू लागला.

"पट्ट्यावरचं गवत त्येनंच घालवलंय काय?" एकीने विचारलं.

एवढ्या वेळात आमच्या पाठीमागून कितीतरी लोक येऊन गेले. बिबट्या चालत असल्यामुळे मंडळी खूश होती. "बघ, कसा फिरतोय राजासारखा!" फोटो, शिट्टी, "ए, इकडे बघ," आणि पुढे. मिनिटभर सलग थांबलेलं कुणी मला आठवत नाही. झोपलेल्या जनावरापुढे तर तेवढंही नाही. प्राणी संग्रहालयांच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात त्यात शिक्षण हा पहिला असतो, आणि मी शिक्षिका असल्यामुळे तो मला पटायला हवा. पण त्या गर्दीत काय शिकणं चाललं होतं? कैदेच्या ताणातून येणाऱ्या त्या आजारी चकरांना लोक तोरा समजून टाळ्या देत होते. आमच्या पोरांना नंतर नंतर या लोकांचाच राग यायला लागला. एकाने शिट्टी मारणाऱ्या बाप्याला कन्नडमध्ये सांगितलं, की आमचा अभ्यास चाललाय, गलाटा नको. बाप्याने खरंच ऐकलं.

वाघ, बिबट्या, अस्वल अशा लांबवर हिंडणाऱ्या जनावरांना कैद अधिक जाचते, हा माझा भावुकपणा नाही. ऑक्सफर्डच्या रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोघींनी 2003 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हेच मांडलं होतं. रानात ज्या मांसाहारी जातींचा वावर जितका मोठा, तितक्या त्यांच्या कैदेतल्या चकरा जास्त आणि पिल्लंही जास्त दगावतात. ध्रुवीय अस्वलाला मिळणारा नेहमीचा वाडा त्याच्या रानातल्या किमान वावराच्या दहा लाखांत एक भाग भरतो. मोठा वाडा करून हे कुठवर भरून काढणार?

बादली घेऊन कीपर आला. त्याला मराठी येत नव्हतं, पोरांचं कन्नड शाळेपुरतं, माझं त्याहून थोडं बरं. तरी चांगलं अर्धा तास जमलं. हा बिबट्या उसाच्या पट्ट्यात लावलेल्या पिंजऱ्यात सापडलेला. पकडल्यावर सळ्या चावून चावून त्याचे वरचे सुळे तुटले, त्यामुळे आता शिकार धरू शकत नाही. सोडला तर उपाशी मरेल, नाहीतर गावातली कुत्री-शेळ्या धरायला येईल आणि माणसं त्याला मारतील. चकरांबद्दल विचारलं तर कीपरने ते झटकलं नाही. "सकाळी जास्त असतात, खायची वेळ जवळ आली की. आणि गर्दीच्या दिवशी." आठवड्यातून एक दिवस मांसाहारी जनावरांना उपास असतो, त्या दिवशी पण वाढतात म्हणाला. मग अस्वलाकडे घेऊन गेला. तिथे ओंडक्याला भोकं पाडून आत मध भरला होता आणि अस्वल त्यात तोंड खुपसून, जीभ घालून, नखांनी खरवडून गुंतलं होतं. अस्वलाच्या टोळीचा तक्ता पाहिला तर चकरा जवळपास नाहीत. ओंडका रिकामा झाल्यावर शेवटच्या काही मिनिटांत तेवढ्या दोन-तीन खुणा.

आजोबांच्या गालावर व्रण असलेली मुलगी त्याच टोळीत होती. तिला मी मुद्दाम तिथे ठेवलं नव्हतं, तिनेच मागून घेतलं. परत येताना बसमध्ये म्हणाली, "नखं बगितली बाई, लई मोटी. आज्जानं वाचलंच कसं काय की."

पुढच्या आठवड्यात तक्ते भिंतीला लावले आणि वर्गात बोलायला बसलो. शहरातल्या शाळेत असतं तर सगळ्यांनी एकमुखाने 'प्राण्यांना सोडा' म्हटलं असतं, असं मला वाटतं. आमच्याकडे तसं काही झालं नाही. ज्याच्या घरची दोन कुत्री बिबट्याने नेली होती तो म्हणाला, आत हाय तेच बरं. ज्यांच्या भातात गवे उतरतात त्यांनी मला उलट विचारलं, की बिबट्याची एवढी काळजी, मग आमच्या राखणीला रात्री कोण येतं? मी यावर गुळमुळीत काही बोलले नाही. बिबट्याला पिंजऱ्यात घातल्याने तुमची कुत्री वाचतील असंही नाही, रिकाम्या जागेत दुसरा बिबट्या येतो, एवढं सांगितलं. नुकसानभरपाई वेळेवर मिळणं, गोठ्याला दार असणं, रात्री कुत्रं आत घेणं, याने जे होतं ते पिंजऱ्याने होत नाही. निम्म्यांना पटलं.

मग एकाने तळेवाडीचा विषय काढला. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, आणि आता आतल्या तळेवाडीच्या कुटुंबांना बाहेर यायला प्रत्येकी 15 लाख रुपये द्यायचं सरकारने ठरवलंय. त्याचे पाहुणे तिथले. "आमच्या मामास्नी आदी विचारलं. बैठका झाल्या, कागदं झाली, मग चेक. काय जनांस्नी जायचं न्हवतं, त्यांनी तसं सांगितलं पन." थोडं थांबून म्हणाला, "बिबट्याला काय विचारनार म्हना." वर्ग हसला. मी हसले नाही, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणात अडलेलं हेच आहे. ज्याला विचारता येत नाही त्याच्या वतीने ठरवायचं असेल तर त्याचं वागणं तरी वाचायला हवं, आणि भिंतीवरचा तो चकरांचा रकाना हे त्याचं वागणं होतं.

'मग सगळ्यांना सोडून द्यायचं का' हा प्रश्न येणारच होता. तुटक्या सुळ्यांच्या बिबट्याला सोडता येत नाही हे त्यांना कीपरकडून कळलं होतं. मी त्यांना पंजाबातल्या छतबीर प्राणी संग्रहालयाची गोष्ट सांगितली. तिथे 1980 च्या दशकात गीरच्या आणि आफ्रिकेच्या सिंहांची सरमिसळ झाली, संकराची पिल्लं होत गेली, त्यातली बरीच रोगट निघाली. अशा सिंहांना ना गीरमध्ये जागा, ना आफ्रिकेत. शेवटी त्यांचं प्रजनन थांबवलं आणि असलेले सिंह म्हातारे होऊन जाईपर्यंत सांभाळले. सर्कशीतल्या जनावरांचंही असंच झालं. 1998 च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांचे खेळ बंद झाले, 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम केली, आणि मग सर्कशीतल्या सिंहांना ठेवायला बन्नेरघट्ट्यासारख्या ठिकाणी बचाव केंद्रं करावी लागली. आज एखादं संग्रहालय बंद करायचं ठरलं तरी त्याचं कुलूप पंधरा-वीस वर्षांनी लागेल. तोवर कुणीतरी रोज सकाळी बादली घेऊन जायलाच हवं.

माझं स्वतःचं मत या सगळ्यात जिथे येऊन थांबलं ते असं. ज्यांना परत जाता येत नाही त्यांना ठेवा, आणि नीट ठेवा: ओंडका, मध, लपायला आडोसा, गर्दीपासून सुटी. त्यासाठी तिकीट काढायला माझी हरकत नाही. पण पाहणाऱ्यांना पिल्लू दिसावं म्हणून कैदेत नवे वाघ-सिंह जन्माला घालणं मला पटत नाही. बारशाचे फोटो पेपरात येतात, तेच पिल्लू पुढची पंधरा वर्षं एका पट्ट्यावर चालणार असतं. परदेशी जनावर मागवून गर्दी खेचणं तर त्याहून नाही. आणि गिधाडांसारखं काही असेल तर मी पूर्ण बाजू बदलते. आमच्या पोरांपैकी एकानेही गिधाड पाहिलेलं नाही. त्यांच्या आज्यांनी पाहिलंय, मेलेल्या गुरावर उतरणारे थवेच्या थवे. डायक्लोफिनॅक हे गुरांना द्यायचं औषध मढ्यातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि ती मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, पण तोवर इतकी थोडी उरली होती, की हरियाणात पिंजोरला पिंजऱ्यात जोपासून त्यांची संख्या वाढवावी लागली. तिथला पिंजरा मला खुपत नाही. त्याचा हिशेब सरळ आहे. रानात परत सोडायचं म्हणून आत घेतलंय.

यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, की मग आपलं वटवाघूळ कुठल्या झूमध्ये हाय? बारापेडेच्या गुहांतलं रॉटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ. जगातल्या वटवाघूळ-अभ्यासकांना आमचा तालुका त्याच्यामुळे माहीत आहे, कारण कितीतरी वर्षं ते फक्त इथेच सापडत होतं. कुठल्या झूमध्ये ठेवलेलं मी तरी ऐकलं नाही, म्हटलं. ते टिकलंय ते गुहा टिकली म्हणून. "त्येचं तिकीट कोन काढनार," असं एकजण पुटपुटला, आणि त्यालाच मी फळ्यावर येऊन तक्त्यांची बेरीज करायला लावली.

हे करून पाहायचं असेल तर शिक्षकांसाठी दोन-चार गोष्टी. सकाळी लवकर जा, खाणं घालायच्या आधी आणि नंतर अशा दोन्ही वेळा पकडा, नाहीतर तक्ता एकांगी होतो. आधी संग्रहालयाला पत्र द्या, कीपर भेटेल असं बघा. निम्मी माहिती त्याच्याकडेच असते आणि त्याला सहसा कुणी विचारत नाही. म्हैसूर आणि बन्नेरघट्टा मंगळवारी बंद असतात, तेव्हा तो वार टाळा. पेन्सिली जास्तीच्या न्या. आणि टोळ्या पाडताना वाघ कुणालाच देऊ नका. त्याच्यापुढे इतकी रेटारेटी असते, की पोरांना अर्धा तास उभं राहायला जागाच मिळत नाही. कोल्हा द्या. त्याच्या जाळीपुढे आमच्या टोळीशिवाय कुणी नव्हतं, आणि कागद गुडघ्यावर ठेवून निवांत लिहिता आलं.